पुराची पातळी बघता बघता युद्धापर्यंत पोहोचणाऱ्या वाचकास

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही हिंजवडीत नोकरी करता, आईवडील शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावी राहतात, २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचे पाणी घरात शिरले होते, आणि तेव्हापासून जून लागला की रात्री साडेदहाला ‘पंचगंगेची पातळी किती’ एवढेच बघण्यासाठी हातात घेतलेला फोन दीड-दोन वाजेपर्यंत खाली ठेवला जात नाही. सुरुवात पुराने होते, मग कुठल्या तरी घाटात दरीत गेलेली बस, मग एखादा खून, मग युद्ध. बातम्या पूर्ण बंद करा, असे पत्नीचे म्हणणे आहे. तसे केले तर आपण बेफिकीर ठरू, असे तुम्हाला वाटते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका जे काही पाठवत असतात त्याचे काय करावे, असाही एक प्रश्न शेवटी जोडला आहे.

मी मराठी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली, त्यातली पुष्कळशी रात्रपाळीत, आणि शेवटची काही डिजिटल विभागात. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. बातमी कशी तयार होते आणि तुमच्या फोनपर्यंत कोणत्या कारणाने येऊन पोहोचते, एवढ्याच अंगाने मी उत्तर देऊ शकतो. पण तुमच्या अडचणीचा मोठा भाग तिथेच आहे असे माझे मत आहे.

तुम्ही अडचण मांडली आहे ती ‘मी बातम्या फार वाचतो’ अशी. मला ती तशी वाटत नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकासमोर एका पाळीत वृत्तसंस्थांच्या, तालुका वार्ताहरांच्या आणि शहरातल्या बातमीदारांच्या मिळून शेकडो कॉपी, म्हणजे बातम्यांचे मजकूर, येतात. अपघात, आत्महत्या, दंगल, दुष्काळ असे सगळे त्यांत असते, आणि तरीही बहुतेक उपसंपादक घरी जाऊन झोपतात. त्यांचे काळीज दगडाचे झालेले असते म्हणून नव्हे. त्यांना पान सोडायचे असते. आधी बाहेरगावची डाक आवृत्ती जाते, मग शहर आवृत्ती जाते, आणि ठरलेल्या वेळेला पान एकदा छपाईला सोडले की त्यानंतर आलेली कॉपी उद्याची असते. शिवाय प्रत्येक कॉपी एक साधा प्रश्न मनात धरून वाचलेली असते: ही घ्यायची का, घेतली तर कुठे, आणि किती ओळी. प्रश्नाचे उत्तर मिळाले की कॉपी हातावेगळी होते.

तुमच्याही मनात प्रश्न असतो, आणि तो अगदी रास्त असतो: घर आज रात्री सुरक्षित आहे का? मात्र तो तुम्ही अशा ठिकाणी विचारता जिथे त्याचे उत्तर मिळण्याची सोयच नाही. ‘एकदा खात्री झाली की झोपतो, पण खात्री होतच नाही,’ हे तुमचे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. काही घडले तर ती बातमी होते. काही घडले नाही, पाणी दोन फूट उतरले, गाव शांत झोपले आहे, याची बातमी रात्री एक वाजता कोणीही तुमच्यापर्यंत पोहोचवणार नाही. म्हणजे दिलासा मिळेपर्यंत वाचत राहायचे असे ठरवले, तर वाचन संपण्याचे काही कारणच उरत नाही. ते संपू नये अशीच फोनमधली रचना आहे. पानाच्या तळाशी पोहोचल्यावर ‘पुढे’ असे बटण दाबावे लागू नये, मजकूर आपोआप येत राहावा, ही कल्पना २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी संरचनाकाराने पुढे आणली, आणि तिचे परिणाम पाहून पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. छापील वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपते. फोनवरच्या बातम्यांचे शेवटचे पान आपले आपणच ठरवावे लागते.

आता मर्यादा सांगतो, कारण पुढचे सांगणे सगळ्यांना सरसकट लागू पडणार नाही. लासलगावला कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राचा निर्णय उद्या कळून चालत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, तेव्हा ज्याचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या दारात उभा होता त्याला काही तासांनीही फरक पडला. ज्यांचा मुलगा आखाती देशात किंवा जहाजावर नोकरीला आहे, त्यांना तिकडे युद्ध पेटल्यावर ‘दिवसातून एकदाच बघा’ असे सांगणे निर्दयपणाचे होईल. तुमचे स्वतःचे प्रकरण मधले आहे. वर्षातले बरेच महिने एकाही बातमीला तासांची घाई नसते. पावसाळ्यातल्या काही आठवड्यांत मात्र खरोखर असते. त्यामुळे वर्षभर एकच नियम लावू नका, आणि पावसाळ्यातली सवय दिवाळीपर्यंत ओढू नका.

पुराचे आधी पाहू, कारण तिथे तुमचे सगळ्यात जास्त हित गुंतलेले आहे आणि सुदैवाने तिथेच उत्तर सगळ्यात नेमके आहे.

शिरोळ तालुक्यात पाऊस तसा कमी; तुमच्या दारात येणारे पाणी वरून येते. एका बाजूने पंचगंगा कोल्हापूरहून येते. दुसऱ्या बाजूने कृष्णा येते, जिला कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ वारणा मिळालेली असते. नृसिंहवाडीला दोन्ही नद्या एकत्र येतात आणि पुढे पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे जाते. म्हणून रात्री तुम्हाला हवे असते ते चार आकड्यांत मावते: कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी, कोयना धरणातून सोडलेला विसर्ग आणि अलमट्टीतून सोडलेला विसर्ग. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आयर्विन पुलाची अनुक्रमे ४० आणि ४५ फूट. तुमच्या घरात पाणी आले त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. हे आकडे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात दिवसातून अनेकदा जाहीर करते, केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच’ हे ॲप २०२३ पासून उपलब्ध आहे, आणि काहीच कळेनासे झाले तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. पुण्याहून लावताना आधी कोल्हापूरचा ०२३१ हा कोड जोडावा लागतो. चारही आकडे पाहून कागदावर टिपायला पाच-दहा मिनिटे पुरतात. कागदावर म्हणतो ते मुद्दाम. काल ३६ फूट, आज सकाळी ३७, आज रात्री ३६ फूट ८ इंच असे ओळीने लिहिलेले असले की पाणी चढते आहे की उतरते आहे ते नजरेला दिसते. बातमीत मात्र प्रत्येक वेळी तो आकडा नवाच असल्यासारखा येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकड्यापुढे काय करायचे ते कोरड्या दिवसात ठरवून ठेवणे. पातळी अमुक झाली की जनावरे हलवायची, तमुक झाली की आईवडिलांनी जयसिंगपूरला किंवा जिथे नातेवाईक असतील तिथे जायचे, हे मे महिन्यात वडिलांबरोबर बसून लिहून काढा. राजाराम बंधाऱ्यावर अमुक पातळी असताना तुमच्या गावातल्या कोणत्या गल्लीत पाणी येते, हे वडिलांना आणि शेजाऱ्यांना कोणत्याही वाहिनीपेक्षा नीट माहीत असते. ते विचारून घ्या. जुन्या पुराची खूण ही शेवटची मर्यादा मानू नका, एवढी एकच सूचना. २०१९ मध्ये अनेकजण २००५ च्या खुणेवर विसंबून घरात थांबले आणि पाणी त्या खुणेच्या वर गेले. निर्णय आधीच झालेला असला की रात्री तुम्ही बातम्यांमध्ये निर्णय शोधत बसत नाही. आकडा रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच पाहता.

पातळी इशाऱ्याच्या वर आणि चढती असेल, तर त्या रात्री जागे राहणे चूक नाही. तरीही जागे राहण्याची योग्य रीत म्हणजे फोनची रिंग मोठी ठेवणे. गावातला एक माणूस ठरवा: शेजारी, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य. पाणी अमुक ठिकाणी आले की त्याने तुम्हाला फोन करायचा. तुम्ही दर दहा मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून जे शोधता, ते काम त्या एका फोनने अधिक खात्रीने होते.

हवामान विभागाच्या रंगांबद्दलही थोडे, कारण ‘रेड अलर्ट’ या शब्दांनी महाराष्ट्राची जितकी झोप उडवली आहे तितकी क्वचितच कशाने उडवली असेल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्या विभागाची परिभाषा आहे. कोल्हापूर, सातारा आणि पुण्यासाठी घाट परिसराचा इशारा पुष्कळदा वेगळा दिलेला असतो, आणि मथळा करताना नेमका ‘घाट’ हा शब्द गळतो. तुमच्या दृष्टीने घाटातला पाऊस महत्त्वाचा आहेच, कारण धरणे तोच भरतो. पण तिथे पडलेले पाणी तुमच्या गावी यायला लागणारा वेळ तासांत मोजायचा असतो. रात्री दीड वाजता इशारा पाहून तुम्ही जे करणार, तेच सकाळी सहाला पाहूनही करू शकता, असे बहुतेक रात्री असते.

आता एक नमुनेदार मथळा घेतो. असे मथळे दर पावसाळ्यात दिसतात आणि मी स्वतः डेस्कवर त्यांतले कितीतरी बदलले आहेत: ‘राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले, कोल्हापूरकरांनो सावधान, पुढील २४ तास धोक्याचे!’ यातले पहिले चार शब्द माहिती आहेत आणि बाकीचे सगळे पार्श्वसंगीत. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. कोणी घाबरून ते उघडलेले नसतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट), म्हणजे सातही उघडे असतील तर सुमारे १० हजार क्युसेक पाणी जाते. दिवसभर अखंड ११,५७४ क्युसेक पाणी सोडले तर ते एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, भरते; म्हणजे सातही दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तरी जाणारे पाणी एक टीएमसीच्या आतच राहते. ही बातमी क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. भोगावतीच्या काठावर ती महत्त्वाचीच आहे, आणि कुंभी, कासारी, तुळशी याही नद्या भरून वाहत असतील तर पंचगंगेला फुगवटा येतोच. परंतु ही बातमी वाचून तुम्ही विचारायला हवे ते एवढेच: किती दरवाजे, आत्ता राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, आणि घाटात पाऊस चालू आहे की उघडला? मजकुरात ही तीन उत्तरे नसतील तर तो बंद करून आकड्याकडे जा.

हे मथळे असे का होतात तेही सांगायला हवे. डिजिटल डेस्कवर बातमीचे यश ती किती जणांनी उघडली यावर मोजले जाते, आणि दिवसाकाठी किती बातम्या टाकायच्या त्याचा आकडा ठरलेला असतो. त्यामुळे दरवाजे उघडले ही एक बातमी. कोणते दरवाजे उघडले ही दुसरी. उघडल्याचा व्हिडिओ ही तिसरी. नागरिकांमध्ये भीती ही चौथी. छापील अंकात या चारांची मिळून आठ ओळींची एक बातमी होते. तुम्ही तासाभरात वीस बातम्या वाचल्या असे तुम्हाला वाटते तेव्हा घटना बहुधा तीन-चारच असतात. तुमच्याच परिसरात याच्या उलटही एक उदाहरण आहे: नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी उत्तरद्वारातून शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याची बातमी होते आणि भाविक स्नानाला गर्दी करतात. तेच चढते पाणी एका मथळ्याखाली पर्वणी असते आणि दुसऱ्या मथळ्याखाली संकट. गावकऱ्यांना दोन्हींतले अंतर कळते. पुण्यात अंधाऱ्या खोलीत फोन धरून बसलेल्या माणसाला ते कळणे अवघड जाते.

पुरापुढच्या बातम्यांचा, म्हणजे युद्ध, दहशतवाद, मोठे अपघात यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. तिथे तुमच्या हातात करण्यासारखे काही नसते. नागरिक म्हणून समजून घेणे, एवढेच असते. समजून घ्यायचे असेल तर सुरुवातीचे तास ही सर्वांत वाईट वेळ असते. डेस्कवरची रीत अशी की अपघातातील मृतांचा पहिला आकडा मथळ्यात घेताना हात आखडता ठेवायचा, कारण तो बदलणार हे सगळ्यांना ठाऊक असते. एका वार्ताहराने सांगितले ते दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पडताळल्याशिवाय पानावर जाऊ द्यायचे नाही. थेट प्रक्षेपणात ही पडताळणी तुमच्या डोळ्यांसमोर चालू असते, आणि पुष्कळदा तर चालूही नसते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर, ८ मेच्या रात्री, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे अनेक वाहिन्यांनी सांगितले. ते खरे नव्हते. वाहिन्यांवर हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजू लागले की ते कार्यक्रमांत वापरू नयेत, अशी सूचना नागरी संरक्षण यंत्रणेला काढावी लागली. सारखे भोंगे ऐकून खऱ्या भोंग्याकडे लोकांचे दुर्लक्ष होईल, ही त्यामागची भीती होती. त्या रात्री पहाटेपर्यंत जागलेल्या प्रेक्षकाला सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्यापेक्षा अधिक माहिती मिळाली नव्हती; काही बाबतींत कमीच मिळाली होती, कारण त्याला आधी ऐकलेले विसरायचेही होते. १० मेच्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी लष्करी कारवाई थांबल्याचे जाहीर केले, ते निवेदन ऐकायला मोजकी मिनिटे पुरली.

याचा शरीरावर काय परिणाम होतो याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण एका अभ्यासाचा उल्लेख करतो. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर अमेरिकी संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात दिवसाला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्या स्फोटांच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे पुरते सुटत नाही. मुळातच जास्त घाबरणारी माणसे जास्त बातम्या पाहत असतील, असेही असू शकते. तरी, जितके जास्त पाहू तितके सावरलेले राहू, हा समज त्यातून नक्कीच टिकत नाही.

दुसरे टोक तुमच्या पत्नीने सुचवले आहे आणि त्यात त्या एकट्या नाहीत. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत ३९ टक्के लोकांनी आपण कधी ना कधी किंवा वारंवार बातम्या टाळतो असे सांगितले. २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. मी पूर्ण बंदीच्या बाजूचा नाही, आणि तो केवळ व्यवसायाचा अभिमान नाही. ज्याने बातम्या बंद केल्या त्याच्यापर्यंत त्या येणे थांबत नाही. त्या फक्त काकांच्या ग्रुपमार्फत येऊ लागतात. आधी बातमी संपादकाच्या हाताखालून तरी गेलेली असे, आता तेही राहत नाही. पण बेफिकीर ठरण्याच्या तुमच्या भीतीलाही फारसा आधार नाही. टिळकांच्या हयातीतला ‘केसरी’ आठवड्यातून एकदा निघत असे, आणि त्यावर पोसलेल्या वाचकांना देशात काय चालले आहे ते कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

मग रोजचे काय ठेवायचे? मी स्वतः जे पाळतो आणि नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना सांगत आलो ते असे. सकाळी एकदा, ज्याला शेवट आहे असे काहीतरी घ्या. छापील वर्तमानपत्र सर्वांत चांगले. ई-पेपर चालेल, पण पाने उलटणारा, खाली सरकत राहणारा नको. वेळ नसेल तर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या ऐका. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात संपादकाला आणलेल्यापैकी बरेच काही गाळावे लागते, आणि गाळणे हेच तर या धंद्यातले खरे काम. संध्याकाळी, शक्यतो जेवणाआधी, दुसरा फेरा: पावसाळ्यात ते चार आकडे आणि आईवडिलांना फोन, एरवी दिवसभरात काही मोठे घडले असेल तर त्याची एक नीट लिहिलेली बातमी. एकाच घटनेच्या पाच नव्हे. त्यानंतर तुमचे पान सुटले. रात्री नऊनंतर जे घडेल ते उद्याच्या अंकातले.

बातम्यांच्या ॲप्सच्या सूचना सरसकट बंद करा. त्या पाठवायच्या की नाही हे आमच्याकडे कोण ठरवतो आणि कशासाठी ठरवतो, हे पाहिलेला माणूस त्या चालू ठेवत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप तेवढे चालू ठेवा आणि त्यात शिरोळचा परिसर निवडा. फोन रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावा. इशाऱ्याच्या रात्री रिंग मोठी करून तिथेच ठेवा, ऐकू येईल. हे सोपे वाटते आणि पहिले काही दिवस जमत नाही, याचे कारण बातम्यांशी फारसे संबंधित नाही. हिंजवडीतला दिवस आणि तिथली वाहतूक आटोपून घरी आलेल्या माणसाला रात्री साडेदहानंतरचाच वेळ स्वतःचा वाटतो, आणि तो सोडवत नाही. तो वेळ तुमचा ठेवा. त्यात बातम्या भरू नका. एखाद्या विषयात खरेच रस असेल, समजा कृष्णा खोऱ्यातले पूर, तर त्यावरचा एक दीर्घ लेख किंवा पुस्तक घ्या. पुराची कारणे, नदीपात्रातली बांधकामे, अलमट्टीचा वाद हे सगळे फेब्रुवारीत शांतपणे वाचले तर जुलैतल्या शंभर मथळ्यांपेक्षा जास्त समजते, आणि ग्रामसभेत त्यावर बोलताही येते.

हे सगळे करूनही झोप लागत नसेल, पाऊस वाजू लागला की छाती धडधडत असेल, तर तो वाचनाच्या सवयीचा प्रश्न राहत नाही. दोन पूर घरात शिरलेले पाहिलेल्या माणसाला असे होणे अगदी स्वाभाविक आहे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर निदान तेवढा फोन करा.

राहता राहिले काका. ग्रुप सोडू नका. पुराच्या दिवसात त्याच ग्रुपवर कोण कुठे पोहोचले हे कळते, आणि सोडल्याचा राग दिवाळीपर्यंत पुरतो. तो म्यूट करून ठेवा आणि संध्याकाळच्या फेऱ्यात एकदा उघडा. काका पाठवतात त्यात ‘कोयना धरणाला तडे’ आणि कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ असणार, हे न पाहताही सांगता येईल. दुहेरी बाणाची खूण असलेला मजकूर अनेक हातांतून फिरत आलेला असतो. त्याचा उगम शोधायला कोणी गेलेले नसते. ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही: १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अशाच फिरत्या अफवेतून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठार मारले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तरीही ग्रुपवर सगळ्यांसमोर काकांना खोटे पाडू नका. वयाने मोठा माणूस तिथे माघार घेत नाही, उलट दुसऱ्या दिवशी दुप्पट पाठवतो. त्यांना वेगळा फोन करा आणि काम द्या. तुम्ही टिपता ते चार आकडे पावसाळ्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी ग्रुपवर काकांनी टाकायचे, वेळेसकट आणि कुठून घेतले त्यासकट. आकडे कुठे मिळतात ते त्यांना एकदा बसून दाखवा, आणि पहिला आठवडा ते चुकीचा बंधारा टाकतील तेव्हा ग्रुपवर न बोलता फोनवर सांगा.